प्रिन्स येणार होता

२१ जानेवारी २०२६ ला युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने एकदम सहा गेम रद्द केले. त्यातल्या पाचांची नावंसुद्धा तिने सांगितली नाहीत. सहावा होता ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’चा रीमेक. २००३ चा हा नावाजलेला गेम आजच्या यंत्रांसाठी नव्याने बांधून देऊ, असं कंपनीने १० सप्टेंबर २०२० ला जाहीर केलं होतं. मधली सव्वापाच वर्षं तो खरंच येणार का, यावर जगभर वाद झाले. आमच्या माधवनगरात, शेजारच्या बुधगावात, सांगलीच्या विश्रामबागेत आणि इथून पुण्याला नोकरीसाठी गेलेल्या पोरांच्यात हा वाद जरा जास्तच हिरिरीने झाला. कारण हा रीमेक आधी बनत होता तो पुण्यात आणि मुंबईत.

वाद संपला, म्हणून आता आढावा घेता येतो. ‘येणार नाही’ म्हणणारे बरोबर ठरले हे उघड आहे. पण त्यांची कारणं बहुतेक चुकीची होती. आणि ‘येणारच’ म्हणणाऱ्यांनी ज्यावर भरवसा ठेवला त्या गोष्टी तर अगदीच कुचकामी निघाल्या. कंपनी काय बोलते आणि ट्रेलर कसा दिसतो, याकडेच दोन्ही बाजू बघत राहिल्या. जुना गेम परत येतो की नाही, हे ठरतं वेगळ्याच ठिकाणी. त्याचे हक्क कोणाकडे आहेत, मूळ सामान शिल्लक आहे का आणि पैसा घालणाऱ्याच्या लेखी त्या नावाला किंमत किती, यावर. प्रिन्सच्या बाबतीत पहिल्या गोष्टीची अडचण कधीच नव्हती. तिसरीने घात केला.

आधी हा गेम एवढा जिवाभावाचा का, ते सांगायला हवं. नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर क्लासला गेलेल्या प्रत्येकाला पहिला ‘प्रिन्स’ ठाऊक आहे. पांढऱ्या कपड्यातला एक पोरगा तळघरातून धावतो, दरी ओलांडतो, टोकदार खिळ्यांवर पडून मरतो, आणि हे सगळं साठ मिनिटांच्या आत संपवायचं असतं. जॉर्डन मेक्नर या तरुणाने तो ॲपल टू या संगणकासाठी एकहाती रचला. १९८९ मध्ये तो बाजारात आला आणि पुढे डॉसवर आला तेव्हा आपल्याकडे पोचला. मेक्नरने धाकट्या भावाला पळायला आणि उड्या मारायला लावून त्याचं चित्रीकरण केलं होतं आणि त्यावरून एकेक चौकट काढली होती. त्या पोराच्या धावण्यात जो जिवंतपणा होता तो तिथून आलेला.

२००३ चा ‘सँड्स ऑफ टाइम’ हा त्याच राजपुत्राचा त्रिमितीतला नवा जन्म. युबिसॉफ्टच्या माँट्रियल स्टुडिओने तो केला, पात्रिस देसिले यांनी त्याचं सर्जनशील नेतृत्व केलं आणि कथा पुन्हा मेक्नरचीच होती. सांगलीत तो आला बर्न केलेल्या सीड्यांवर, हे लपवण्यात अर्थ नाही. त्या काळात मूळ पेटी विकत घेणारं गिऱ्हाईक इथे नव्हतं आणि विकणारं दुकानही नव्हतं. नेट कॅफेतल्या बहुतेक मशीनवर तो उघडतच नसे. वेगळं ग्राफिक्स कार्ड लागायचं आणि स्वस्तातली कार्डं त्याला चालत नसत. त्यामुळे ज्याच्या घरी कार्ड, त्याच्या घरी जत्रा. एकजण खेळायचा आणि चारजण मागे बसून ‘डावीकडच्या भिंतीवरनं पळ की’ म्हणून ओरडायचे.

त्या गेममध्ये एक गोष्ट होती जी आधी कुठेच एवढी सुंदर जमली नव्हती. राजपुत्र भिंतीवरून आडवा धावतोय, पुढच्या खांबाला हात पुरला नाही, खाली पडला. अशा वेळी एक बटण दाबून धरायचं. चित्र थबकायचं, रंग बदलायचा, आणि पडलेला राजपुत्र उलटा वर यायला लागायचा. वाळू खालून वर, पाय पुन्हा भिंतीवर, हात पुन्हा सुटण्याआधीच्या जागी. हवं तिथे बटण सोडलं की काळ परत सरळ चालू. ही ताकद त्याच्या हातातल्या खंजिरात होती आणि तिला वाळू लागायची. ती वाळू शत्रूला खाली पाडून, त्याच्यात खंजीर खुपसून मिळवावी लागे. म्हणजे चूक सुधारायची संधी होती, पण मोजकी. आणि सगळी कहाणी राजपुत्र स्वतः सांगत असल्यामुळे, तुम्ही त्याला मारलंत की तो म्हणायचा, नाही नाही, असं झालं नव्हतं, पुन्हा सांगतो. खेळाडूच्या हातून झालेली चूक कथेत सामावून घेण्याची याहून देखणी युक्ती मी आजवर पाहिलेली नाही.

आपल्या दृष्टीने आणखी एक गोष्ट. कथेची सुरुवात हिंदुस्थानातल्या एका महाराजाच्या किल्ल्यात होते. इराणी फौज तो लुटते, खंजीर आणि काळाची वाळू तिथूनच नेते, आणि महाराजाची मुलगी फराह कैदेत जाते. पुढचा सगळा गेम त्या राजपुत्राचा आणि फराहचा आहे. तिच्याकडे धनुष्य आहे, ती फटीतून सरपटत जाऊन त्याच्यासाठी दारं उघडते, त्याला फटकारते, आणि शेवटी कळतं की सगळी गोष्ट तो तिलाच सांगत होता. एका परदेशी गेममध्ये आपल्याकडची मुलगी शोभेसाठी नव्हती, बरोबरीने चालत होती. त्या वयात आम्हाला ते शब्दात सांगता आलं नसतं, पण जाणवत होतं.

म्हणून २०२० मध्ये जेव्हा कळलं की हा गेम पुण्यात नव्याने बनतोय, तेव्हा काय वाटलं असेल याची कल्पना यावी. युबिसॉफ्टने २००८ साली पुण्यातला गेमलॉफ्टचा स्टुडिओ आपल्याकडे घेतला होता. २०१८ मध्ये मुंबईतही स्टुडिओ उघडला. तोवर या स्टुडिओंच्या वाट्याला यायचं ते मदतनिसाचं काम. ‘जस्ट डान्स’सारखे गेम वेगवेगळ्या यंत्रांवर उतरवणं, तपासणी करणं, मोठ्या स्टुडिओच्या गेममधला एखादा भाग सांभाळणं. एवढ्या मोठ्या नावाचा गेम पुढाकार घेऊन करायला मिळणं ही भारतातली मोठीच गोष्ट होती. माधवनगरची पोरं बुधगावला नाहीतर वालचंदला इंजिनिअरिंग करतात आणि पुण्याला लागतात. आपल्याच वर्गातलं कुणीतरी तिथे बसून प्रिन्सची उडी जुळवत असेल, हा विचार इथल्या माणसाला परका नव्हता.

घोषणेआधीच पुडी सुटली होती. ऑगस्ट २०२० मध्ये ग्वाटेमालातल्या एका दुकानाने ‘प्रिन्स ऑफ पर्शिया रीमेक’ असं नाव आपल्या यादीत टाकलं. दुकानदाराकडून फुटलेली बातमी बऱ्याचदा खरी असते, कारण त्याच्याकडे माल नोंदवण्यासाठी नाव आधी येतं. तसंच झालं. १० सप्टेंबरला ट्रेलर आला. तारीख २१ जानेवारी २०२१, किंमत ४० डॉलर. मूळ आवाज देणारे युरी लोवेंथाल राजपुत्रासाठी परत आले होते.

आणि ट्रेलर बघून लोक भडकले. चेहरे मेणाचे वाटत होते, उजेड सपाट होता, डोळ्यांत जीव नव्हता. २०२० चा गेम दहा वर्षं जुना दिसतोय, असं जगभर बोललं गेलं. दिग्दर्शक पिएर-सिल्व्हें गीर यांनी ही चित्रशैली मुद्दाम निवडली आहे, स्वप्नवत वाटावी म्हणून, असा खुलासा केला. तो कुणाला पटला नाही. मी तो ट्रेलर पुन्हा पाहिला आहे. टीका खोटी नव्हती. राजपुत्राचं धावणं, भिंतीवर चढणं चांगलं बसलं होतं, पण फराहचा चेहरा जवळून दाखवला की सगळा डोलारा कोसळत होता. ज्या गेमचा अर्धा जीव दोघांच्या बोलण्यात आहे, त्यात चेहरा फसला तर काय उरणार?

मग तारखा पळू लागल्या. आधी १८ मार्च २०२१. फेब्रुवारीत ती तारीखही काढून घेतली आणि नवी दिलीच नाही. ३ मे २०२२ ला कंपनीने सांगितलं की काम आता माँट्रियलकडे, म्हणजे मूळ गेमच्या जन्मस्थानी, जाईल. पुण्या-मुंबईच्या टीमने केलेल्या कामावर पुढे बांधणी होईल, असे गोड शब्द सोबत होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये आगाऊ पैसे भरलेल्यांना ते परत मिळाले. २०२३ मध्ये माँट्रियलच्या निर्मात्यांनी स्वतःच कबूल केलं की गेम कल्पनेच्या टप्प्यावर आहे. म्हणजे पुढे बांधणी वगैरे काही नव्हतं. पाया पुन्हा खणायला घेतला होता. जून २०२४ मध्ये एक छोटी झलक आली आणि २०२६ हे साल. नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीच्या आर्थिक अहवालात हा गेम मार्चअखेरपर्यंत येणाऱ्यांच्या यादीत होता. जानेवारीत येणार अशा वावड्या उठल्या. जानेवारीत आली ती रद्द झाल्याची बातमी.

या काळात इकडे तीन तट पडले होते. पहिला, ‘आरं, पैसं परत दिलं म्हणजे बंद केलं नव्हं, नीट करतायत’ असं म्हणणारा. त्याचा आधार होता कंपनीचं प्रत्येक निवेदन. दुसरा म्हणायचा, ‘बघ तू, यायचं न्हाई हे.’ त्याचं कारण मात्र असायचं की ट्रेलर वाईट होता, किंवा, आणि हे ऐकताना मला दर वेळी राग यायचा, की काम भारतात दिलं होतं. तिसऱ्या तटाला रीमेकच नको होता. मूळ गेम आहे तसा चालू द्या, नव्या कवायतीत त्याचा गोडवा जाईल, असं त्यांचं म्हणणं. या तिसऱ्यांकडे सगळ्यांनी कमी लक्ष दिलं. माझ्या मते त्यांचंच म्हणणं जास्त विचार करण्यासारखं होतं, त्याकडे पुढे येतो.

पहिल्या तटाची चूक समजून घ्यायला बाकीच्या गेमकडे बघावं लागतं. घोषणा झाली, दिरंगाई झाली, आणि तरी उत्तम गेम आला, याची उदाहरणं खरीच आहेत. ‘फायनल फँटसी ७’ची नव्या रूपातली एक झलक २००५ मध्ये फक्त यंत्राची ताकद दाखवायला केली होती. चाहते दहा वर्षं मागे लागले, २०१५ मध्ये घोषणा झाली आणि १० एप्रिल २०२० ला गेम आला, तोही कथेचा पहिला भागच. ‘रेसिडेंट ईव्हिल २’ची घोषणा ऑगस्ट २०१५ ची, आला जानेवारी २०१९ मध्ये, आणि त्याने रीमेक कसा असावा याचा दंडकच घालून दिला. पण या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. स्क्वेअर एनिक्स काय किंवा कॅपकॉम काय, दोघांसाठी ते नाव घरातलं सगळ्यात मोठं नाव होतं. ते पडलं असतं तर कंपनीची इभ्रत गेली असती. उलट ‘स्टार वॉर्स : नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक’चा रीमेक बघा. सप्टेंबर २०२१ मध्ये वाजतगाजत घोषणा, पुढे काम एका स्टुडिओकडून दुसऱ्याकडे गेल्याच्या बातम्या, आणि घोंगडं अजून भिजतच आहे. स्टुडिओ बदलणं हे प्रिन्सच्या बाबतीतही सगळ्यात वाईट लक्षण होतं, आणि पहिला तट त्यालाच शुभशकुन मानत होता.

कंपनीच्या तोंडापेक्षा तिच्या वकिलांकडे बघावं, हे ‘व्हाइस सिटी’ने शिकवलं. सांगली-मिरजेच्या नेट कॅफेंनी जे गेम जगवले त्यात ‘जीटीए : व्हाइस सिटी’ पहिला. तो आणि ‘सान अँड्रियास’ पुन्हा येणार ही अफवा वर्षानुवर्षं होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये मालक कंपनी टेक-टूने अचानक चाहत्यांनी उलगडून लिहिलेल्या जुन्या गेमच्या कोडवर नोटीस काढून तो काढायला लावला. इतकी वर्षं चाललेलं आत्ताच का खुपलं? कारण स्वतःचा माल तयार होत होता. शरदात दक्षिण कोरियाच्या गेम प्रमाणन मंडळाच्या यादीत नाव दिसलं, ८ ऑक्टोबरला घोषणा झाली आणि ११ नोव्हेंबरला या दोघांसह तीन जुन्या गेमचा संच बाजारात. अफवेच्या बाजूने ज्यांनी ही दोन लक्षणं वाचली ते जिंकले. आणि तरी हरलेच. पाऊस पांढऱ्या रेघांसारखा पडत होता, पात्रांचे चेहरे बिघडले होते, संगणकावरची आवृत्ती काही दिवस विक्रीतून काढावी लागली, आणि त्याच काळात जुने मूळ गेम दुकानातून गायब करण्यात आले. रॉकस्टारला माफी मागावी लागली आणि मूळ गेम परत ठेवावे लागले. ‘आला तरी नको’ म्हणणारा तिसरा तट तेव्हापासून बळावला, आणि तो बरोबर होता. रीमेकच्या नादात मूळ गोष्ट हिरावून घेतली जाऊ नये, ही मागणी फाजील नव्हे.

हक्कांचा प्रश्न ज्याला समजायचा आहे त्याने ‘मुस्तफा’चा विचार करावा. नाव उच्चारलं तरी चाळिशीतल्या माणसाच्या चेहऱ्यावर हसू येतं. स्टँडजवळच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये कॉइन टाकून खेळला जाणारा तो गेम, धावत येऊन लाथ घालणारा मुस्तफा, डायनासोर आणि तिसऱ्या टप्प्यातली ती गाडी. त्याचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’, १९९३ चा, कॅपकॉमचा. तो परत का येत नाही, असा प्रश्न मला आजही लोक विचारतात. उत्तर नावातच आहे. पात्रं आणि जग मार्क शुल्ट्झ यांच्या ‘झेनोझोइक टेल्स’ या कॉमिकचं, गाडीचं नाव जनरल मोटर्सचं, गेम तेवढा कॅपकॉमचा. तिघांची सही एका कागदावर आल्याशिवाय मुस्तफा हलत नाही. २०१८ मध्ये कॅपकॉमने हाणामारीच्या जुन्या सात गेमचा संच काढला, त्यात मुस्तफा नव्हता. त्या संचात ‘पनिशर’ही नव्हता, कारण तो मार्व्हलचा. पण २०२४ मध्ये मार्व्हलच्या गेमचा वेगळा संच निघाला आणि त्यात पनिशर आला. म्हणजे मालकाला रस वाटला तर गाठ सुटते. मुस्तफाच्या मालकांना एकत्र बसवण्याइतका रस कुणालाच नाही. तिथे कितीही प्रेम केलं तरी उपयोग नाही, आणि रोज नवी पुडी सोडणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये.

‘आयजीआय’चीही आठवण काढायला हवी. नॉर्वेच्या इनरलूप स्टुडिओचा हा २००० सालचा गेम आपल्याकडे जितका खेळला गेला तितका क्वचितच कुठे खेळला गेला असेल. मध्येच गेम साठवून ठेवायची सोय नव्हती, एक कॅमेरा दिसला नाही की पहिल्यापासून सुरू. २०१९ मध्ये त्याच नावाने नवा गेम, ‘ओरिजिन्स’, जाहीर झाला तेव्हा भारतातून त्याला जो प्रतिसाद मिळाला तो बनवणाऱ्यांनाही अनपेक्षित असावा. तोही पुढे बंद पडला. कारण तेच: नाव विकत घेतलेली कंपनी मोठी झाली, तिने हिशेब मांडले, आणि या नावात तिला पुरेसा पैसा दिसला नाही. याउलट ‘कॉन्ट्रा’ मार्च २०२४ मध्ये नव्या रूपात खरोखर आला, ‘ऑपरेशन गलुगा’ नावाने. आमच्याकडे तो आल्याचं कित्येकांना अजून माहीत नाही. ज्यांनी टीव्हीला जोडायच्या खेळण्यावर रात्री घालवल्या त्यांच्यापर्यंत तो पोचलाच नाही.

आता मूळ सामानाचं. लोकांना वाटतं, गेम केला होता म्हणजे त्याच्या फायली कंपनीकडे असतीलच. तसं नसतं. २०१२ मध्ये ‘सायलेंट हिल’चा सुधारित संच निघाला तो बिघडलेला निघाला, कारण काम करणाऱ्यांना मूळ गेमचा पूर्ण झालेला कोड मिळालाच नाही, अर्धवट अवस्थेतला मिळाला. खुद्द पहिल्या ‘प्रिन्स’चा कोड हरवलेला होता. २०१२ मध्ये मेक्नरच्या वडिलांना घरातल्या कपाटात फ्लॉपींची पेटी सापडली, जाणकारांनी जपून त्या वाचल्या, आणि मेक्नरने तो कोड जगाला खुला केला. रंगरंगोटी आणि रीमेक यातला फरक इथेच आहे. जुन्या वाड्याला रंग द्यायचा तर वाडा उभा लागतो. तो पाडून त्याच नकाशावर नवा बांधायचा तर प्रत्येक तुळई नव्याने घडवावी लागते, आणि खर्च नव्या घराइतकाच येतो. पुण्याच्या टीमला ४० डॉलरच्या गेमचं माप दिलं होतं आणि लोकांनी त्यांच्याकडून ‘रेसिडेंट ईव्हिल २’ची अपेक्षा धरली. ही तफावत पुण्यात ठरलेली नव्हती.

दुसऱ्या तटावरचा माझा राग याचसाठी. भारतात दिलं म्हणून फसलं, हे वाक्य मी सांगलीच्या मराठी माणसांच्याच तोंडून ऐकलं आहे. पण माँट्रियलने नेलं, टोरंटोचा स्टुडिओ मदतीला आला, पावणेचार वर्षं गेली, आणि शेवटी कंपनीने सांगितलं की हवा तो दर्जा गाठता आला नाही आणि त्यासाठी लागणारा आणखी वेळ आणि पैसा घालणं परवडणारं नाही. ज्या शहराने मूळ गेम घडवला त्यालाही तो जमवू दिला गेला नाही. मग पुण्याच्या कपाळी लागलेला डाग पुसायला नको? आणि पुण्याच्या हातांना असा गेम जमतो का, या प्रश्नाचं उत्तर त्याच शहरात, घोषणेच्याच वर्षी मिळालं होतं. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्यातल्या लहान स्टुडिओचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ २०२० मध्ये आला. भिंतीवरून धावणारी, खांबांवर चढणारी, भावाला शोधत निघालेली मुलगी, चित्रपटासारखे देखावे, भोवती देवळं आणि शिल्पं. प्रिन्सचा वारसा त्यात लख्ख दिसतो. त्या स्टुडिओने आधी लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न केला होता, तो फसला, तरी त्यांनी गेम पुरा केला आणि जगातल्या मोठ्या पुरस्कारात पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं. त्यांचं काम त्यांच्या मालकीचं होतं, हाच फरक.

तर प्रिन्स का नाही आला? माझं उत्तर मार्च २०२५ च्या एका बातमीत आहे. युबिसॉफ्ट अडचणीत होती. चिनी कंपनी टेन्सेंटने १.१६ अब्ज युरो घालून एका नव्या उपकंपनीत चौथाई वाटा घ्यायचं ठरवलं. त्या उपकंपनीत तीन नावं गेली: ‘असॅसिन्स क्रीड’, ‘फार क्राय’, ‘रेनबो सिक्स’. प्रिन्स त्यात नव्हता. ‘असॅसिन्स क्रीड’ मुळात प्रिन्सचाच एक गेम म्हणून सुरू झाला होता हे लक्षात घेतलं तर ही गोष्ट जास्तच लागते. प्रिन्सच्या नावावर जानेवारी २०२४ मध्ये ‘द लॉस्ट क्राउन’ हा सुरेख गेम आला, समीक्षकांनी डोक्यावर घेतला, पण विक्री कंपनीच्या अपेक्षेला उतरली नाही आणि टीम दुसऱ्या कामांवर पांगवली. पैसा घालणाऱ्याला हे पुरेसं होतं. ज्यांनी तेव्हा तारखा मोजण्याऐवजी या दोन बातम्या वाचल्या असत्या त्यांना निकाल दहा महिने आधी कळला असता. रद्द झाल्याच्या दुसऱ्या दिवशी कंपनीचा शेअर एक तृतीयांशाहून जास्त कोसळला, तोही एकट्या प्रिन्ससाठी नव्हे.

सध्या इथे वाद ‘मॅक्स पेन’वर सुरू आहे. २००१ चा, मंदगतीने गोळ्या चुकवणारा तो पोलीस. फिनलंडच्या रेमेडीने एप्रिल २०२२ मध्ये सांगितलं की पहिले दोन भाग एकत्र करून नव्याने करतोय, पैसा रॉकस्टारचा. वरची कसोटी लावली तर माझा कौल ‘येणार’ला आहे. मूळ करणारा स्टुडिओ तोच, काम दुसऱ्याकडे फिरलेलं नाही, हक्काचा मालकच खर्च उचलतोय, आणि रेमेडीच्या अहवालांत काम टप्प्याटप्प्याने पुढे सरकताना दिसतं. उणीव एकच आणि ती भरून न येणारी. मॅक्सचा आवाज असलेले जेम्स मॅकॅफ्री डिसेंबर २०२३ मध्ये गेले. त्यांच्या खरखरीत आवाजाशिवाय तो गेम म्हणजे काय, हे ठरवणं मला अवघड जातं.

प्रिन्सचं म्हणाल, तर मूळ ‘सँड्स ऑफ टाइम’ आजही विकत मिळतो, अगदी थोड्या पैशात. नव्या मशीनवर त्याचं धुकं नीट उमटत नाही, कंट्रोलर ओळखला जात नाही, पण चाहत्यांनी केलेल्या दुरुस्त्या टाकल्या की चालतो. मी ज्यांना ज्यांना करून दिला ते सगळे शेवटपर्यंत खेळले. युबिसॉफ्टने स्वतः ही दुरुस्ती करून द्यावी, तेवढं काम रीमेकच्या खर्चाच्या शंभराव्या हिश्शातही होईल. आणि पुण्या-मुंबईच्या टीमने जे उभं केलं, ती चित्रं, त्या हालचाली, तो किल्ला, ते सगळं त्यांच्या नावानिशी लोकांपुढे ठेवावं. मेक्नर स्वतःच्या फ्लॉपीतला कोड जगाला देऊ शकतो, तर बंद केलेल्या कामाची ओळख देण्यात कंपनीचं काहीच जाणार नाही. एवढ्या श्रमाची आज सार्वजनिक खूण काय, तर एक ट्रेलर, आणि तोही लोकांनी टिंगल केलेला.